आठवी गोटी

खण ओढला तशी गोटी आतल्या आत घरंगळत पुढे आली, आणि प्रत्येक फेरीला एकदा वाजली. टिक, टिक, टिक. तिने हात घालून ती धरली, रुमालात गुंडाळली आणि रुमाल पर्सच्या आतल्या कप्प्यात सारला. चेन लावली. लागली आहे ना, म्हणून पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"खणात उंदीर पाळलायस का गं?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं. हा विनोद अकरा वर्षांचा होता.

"बटण आहे," ती म्हणाली. उत्तरही तेवढंच जुनं होतं.

दुसरा कुणी असता तर एव्हाना त्याने खण उपसून पाहिला असता. पण नवरा सरळमार्गी. बायको बटण म्हणाली म्हणजे बटण. तिला आयुष्यात सगळे असेच भेटले, तिच्या शब्दावर विसंबणारे. तेच तिचं दुखणं होतं.

सुट्टीच्या दिवशी कुठे निघालीस, असं त्याने विचारल्यावर तिने मास्तरांचं नाव सांगितलं. तो पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, बरं झालं, जायलाच हवं होतं; त्यांची बायको वारली तेव्हाही तुला नेमका ताप होता. आणि जाताना वाटेत फळं घे, म्हातारा माणूस, रिकाम्या हाताने जाऊ नये. ती बरं म्हणाली. ताप तेव्हा नव्हता. चार वर्षांपूर्वी ती भर दुपारी पांघरूण घेऊन पडून राहिली होती, आणि नवऱ्याने तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या.

वाटेत तिने वाक्य घोकलं. 'मास्तर, त्या दिवशी मी सातच टाकल्या होत्या.' फळवाल्याच्या गाडीपाशी घोकलं, रस्ता ओलांडताना घोकलं. वाक्य काही अवघड नव्हतं. पहिल्या आठवड्यात बोलली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

ती ज्या कारखान्यात काम करी तिथे काचेच्या गोट्या बनत. पोरांनी खेळायच्या नव्हेत. वाटाण्याएवढ्या, पाण्यासारख्या नितळ आणि गोल. गोल म्हणजे किती गोल, एवढंच ठरवायला तिथे एक वेगळी खोली आणि तीन यंत्रं होती. अशी एक गोटी व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसते. औषध पुढे निघालं की उचलली जाते, मागे येऊ लागलं की तोंडावर बसते. पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. अत्तराच्या बाटलीतली गोटी गळली तर कुणाचा तरी रुमाल भिजेल, फार तर फार. पण त्यांच्या निम्म्या गोट्या हॉस्पिटलांतल्या सलाईनच्या पंपांत जात, आणि तिथे गळून चालत नसे.

म्हणून शेवटची तपासणी माणसाच्या डोळ्यांनी होई. खालून दिवा लावलेलं टेबल, त्यावर काळ्या काठाचं तबक, तबकात हजार गोट्या. एक तबक झालं की दुसरं. आता गंमत अशी की दोन-तीन तासांनी डोळा जे आहे ते बघत नाही, जे असायला हवं ते बघतो. हजार चांगल्या गोट्या पाहिल्या की हजार एकावीही चांगलीच दिसते. त्यावर उपाय म्हणून चोर होते.

चोर म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या वाईट गोट्या. एका लाकडी पेटीत आठ खळगे, खळग्यांत हिरवं मऊ कापड, आणि प्रत्येकात एक चोर. आठांनाही नावं होती. बुडबुडा होता तो डोळा, जराशी लांबट होती ती ढेरपोटी, एकीवर केसाएवढा ओरखडा, तिला सगळे टकली म्हणत, का ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि एकीचा बारीकसा टवका उडालेला, ती नकटी. नकटी सगळ्यांत बेरकी. टवका वर असला तर चांगली दिसे, चांगली बसे. गोटी फिरता फिरता तो टवका व्हॉल्व्हच्या कडेवर आला की मगच गळती. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीत दहादा पास होईल आणि अकराव्यांदा दगा देईल, अशी.

रोज सकाळी पेटी सांभाळणाऱ्याने त्यातले हवे तेवढे चोर निवडायचे, आकडा वहीत लिहायचा, आणि तपासणाऱ्याची पाठ असताना ते तबकांत सोडायचे. तपासणाऱ्याने ते पकडून आपल्या डबीत टाकायचे. पाळी संपली की तो डबी उघडून विचारणार, "किती?" आणि पेटीवाल्याने वहीतला आकडा वाचायचा. दोन्ही जुळले की लॉट पुढे. नाही जुळले तर तो दिवसच्या दिवस बाद.

पाच महिन्यांची नवी असताना पेटी तिच्याकडे आली, आणि तपासणीच्या खोलीत तिचं नाव चोरांची आई पडलं. नाव मास्तरांनीच ठेवलं. खिडकीजवळचं टेबल त्यांचं. सव्वीस वर्षं त्यांच्या हातून एक चोर सुटला नव्हता. खोलीतल्या सगळ्यांना काम त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. तिला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की चोर मुठीत धरायचा नाही, चिमट्याने उचलायचा. "मुठीतली गोटी गरम होते, बाई. ती काय, आंधळ्यालाही सापडेल. माझी परीक्षा घ्यायची तर नीट घे." ती लाजली होती, आणि मास्तर मान हलवत हसले होते.

त्या दिवशी तिने वहीत आठ लिहिलं. पूर्ण पेटी रिकामी केली, कारण मोठा लॉट होता, चाळीस हजारांचा, आणि मास्तरांना एकदा सगळे चोर एकदम द्यायची तिला हौस होती. चिमट्याने एकेक सोडताना दारातून साहेब आले, ती दचकली, पुन्हा वळली आणि उरलेले सोडले. संध्याकाळी मास्तरांनी डबी उघडली.

"किती?"

"आठ."

मास्तरांनी डबीत पाहिलं. मग बोटाने एकेक बाजूला करून मोजलं. सात होत्या. नकटी नव्हती. ते काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली. नीट बघ, पुन्हा वही बघ, कोट झाड, काहीही. ते म्हणाले, "तू आठ म्हणतेस ना? मग आठच." आणि त्यांनी स्वतः उठून साहेबांना सांगितलं की माझ्या हातून एक सुटली.

पण तोवर फार उशीर झाला होता. घाईची मागणी, तबक झालं की भरून गाडीत, असं दिवसभर चाललं होतं. सकाळचा माल दुपारीच पोचला होता. निरोप गेले, पत्रं गेली. चाळीस हजारांतल्या बत्तीस हजार परत आल्या. आठ हजार तोवर व्हॉल्व्हमध्ये बसून कुठल्या कुठल्या गावांना गेल्या होत्या. व्हॉल्व्हच्या कंपनीकडून कळवण्यात आलं की आमचा प्रत्येक व्हॉल्व्ह तपासलेला असतो, काळजी नसावी. मास्तरांनी ते पत्र वाचलं, त्याची घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी टेबल सोडलं. डोळ्यांचा भरवसा गेला, म्हणाले. खोकी बांधायच्या खात्यात जाऊन बसले, वर्षभराने तेही सोडलं.

डबीत सात निघाल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने पांढरा कोट धुवायला काढला. भिजलेल्या बाहीची दुमड उलटली आणि न्हाणीच्या फरशीवर काहीतरी पडलं. टिक, टिक, टिक करत ते मोरीपर्यंत गेलं. तिने झडप घालून पकडलं, तशीच गुडघे टेकून किती वेळ बसली ते तिलाही आठवत नाही. कोटाच्या बाहीतून पाण्याचे थेंब पडत होते.

नोकरी कायम व्हायला एक महिना होता. हे झालं गप्प राहण्याचं पहिल्या दिवसाचं कारण. दुसऱ्या आठवड्यात कारण बदललं: दोन आठवडे गप्प का होतीस, असं विचारतील. महिन्याभराने ते आणखी मोठं झालं. पुढे पुढे तर नकटी मागेच पडली आणि गप्प बसणं हाच गुन्हा होऊन बसला. मास्तर जिन्यात भेटले की 'काय म्हणतात तुझे चोर' असं विचारत, आणि चोराच्या मनात चांदणं, तिला वाटे, यांना माहीत आहे. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

तिने पेटी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. आठवा खळगा रिकामाच ठेवला. साहेबांनी दोनदा नवा चोर करून देऊ म्हटलं, तिने सातांत भागतंय म्हणून टाळलं. रोज सकाळी पेटी उघडली की तो रिकामा खळगा तिच्याकडे बघे. कुणाला भेटायला हॉस्पिटलात जावं लागलं तर ती सलाईनच्या मशीनकडे पाठ करून बसे, आणि तरी कान तिकडेच लागलेले असत. कुठेही काही टिकटिकलं, घड्याळ, नळ, शेजारच्या बाईची सुई, तरी ती हातातलं काम थांबवून कानोसा घेई. नकटी तिच्या खणात आहे, ती कुणाच्याही मशीनमध्ये नाही, हे जगात फक्त तिलाच माहीत होतं, तरीही.

गेल्या आठवड्यात कॅमेऱ्याचं यंत्र आलं. आता मिनिटाला तीनशे गोट्या तेच बघणार, थकणार नाही, चोरांची गरज नाही. पेटी भंगारात टाकून द्या, असं साहेब म्हणाले. ती पेटी घेऊन स्टोअरमध्ये गेली तेव्हा स्टोअरकीपर तिच्याकडे बघून म्हणाला की तिकडे मास्तर अजून त्याच गोटीच्या मागे आहेत, ठाऊक आहे का तुम्हाला. यंत्र यायचं ठरलं तेव्हा जागा करताना परत आलेला तो लॉट कोपऱ्यातून निघाला. टाकून द्यायचा होता, तर मास्तर येऊन मागून घेऊन गेले. बत्तीस हजार, सोळा बरण्या. सहा महिने झाले, रोज एकेक गोटी तपासतायत. डोळे तर पार गेलेत, सावल्या तेवढ्या दिसतात. कानाने तपासतात म्हणे. शेवटची बरणी लागली आहे.

"मी तेव्हाही म्हणत होतो," स्टोअरकीपर म्हणाला, "मास्तरांच्या हातून सुटणं शक्य नाही. कुठेतरी दुसरीकडे गडबड झाली असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ती."

तिने पेटी त्याला दिलीच नाही. घरी घेऊन आली.

मास्तरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद, कठडा हाताने गुळगुळीत झालेला. दार उघडंच होतं. ती उंबऱ्याशी थांबली, तोच आतून आवाज आला.

"चोरांची आई ना? तू अजून डावा पाय घासत चालतेस."

खिडकीजवळ टेबल होतं, इथेही खिडकीजवळच. एका जाड पुस्तकावर काचेची पट्टी तिरकी टेकवलेली, अलीकडे एक वाडगा, पलीकडच्या टोकाला दुसरा, तळाशी फडकं घातलेला. मास्तर वाडग्यातून गोटी उचलत, चिमटीत जरा फिरवत, पट्टीच्या वरच्या टोकाला सोडत आणि मान कलती करून ऐकत. गोटी आवाज न करता खाली जाई आणि फडक्यावर पडे. मग दुसरी. भिंतीशी पंधरा बरण्या झाकणं लावून ओळीने ठेवलेल्या होत्या. सोळावी टेबलावर होती, तळाशी मूठ-दोन मूठ गोट्या उरल्या असतील.

ती फळं ठेवून समोरच्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर घट्ट धरली. वाक्य जिभेवर होतं. मास्तरांनी नवरा कसा आहे, गुडघे कसे आहेत, कॅमेऱ्याचं ते यंत्र खरंच दिवसाला इतकं बघतं का, असं सगळं विचारलं, आणि ती उत्तरं देत गेली. यंत्राला पगार नको, चहा नको, आणि म्हातारपणही नाही, असं मास्तर म्हणाले. हात एकदाही थांबला नव्हता.

"डोळ्यांनी टवका दिसला असता," ते म्हणाले. "आता दिसत नाही, पण नकटी वाजते. तुला माहीत नसेल. काचेवरून सोडली की प्रत्येक फेरीला एकदा वाजते."

तिला माहीत होतं.

"मास्तर, कशाला जिवाला त्रास करून घेताय? अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षांचं नाही गं. चारच वर्षांचं आहे."

मग त्यांनी सांगितलं, एकेक गोटी सोडता सोडता, जणू कुणा तिसऱ्याचीच गोष्ट. बायको हॉस्पिटलात होती तेव्हा खाटेशेजारी पंप लावला होता. औषध असं की थेंब थेंब जायला हवं, कमी नाही, जास्त नाही. मास्तरांनी नर्सला विचारून मशीनवरचं नाव वाचून घेतलं. त्यांच्याच गोट्या घेणारी कंपनी. आत त्या आठ हजारांतली एक असेल, असं मनात आलं. तसे पंप हजारो असतात, हे त्यांनाही कळत होतं. पण दोन दिवस ते मशीनला कान लावून बसले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना टिक ऐकू आलं. खरंच आलं की भास झाला, देव जाणे. ते डॉक्टरांशी भांडले, कागदावर सही केली आणि मशीन काढायला लावलं. शेजारच्या खाटेला मशीन हवंच होतं, त्यामुळे फार कुणी ताणून धरलं नाही. साधी सलाईनची नळी लावली, चाक फिरवून थेंब कमीजास्त करायचे तसली. घड्याळ घेऊन मास्तर स्वतः मोजायला बसले.

"मिनिटाला अठरा. एक दिवस, एक रात्र मोजले. सकाळी उजाडलं, खिडकीतून ऊन आलं, तिने माझ्याकडे बघून जरा डोळे मिटले. मला वाटलं, निजली आता. मग मलाही झोप लागली. पाऊण तास असेल. चाक सैल झालं होतं. उठलो तर बाटली रिकामी."

गोटी फडक्यावर पडली. मास्तरांनी पुढची उचलली.

"डॉक्टर म्हणाले, तशीही फार दिवसांची नव्हती. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं."

तिला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण तिचे हात पर्सवरून सुटेनात. खिडकीखालून कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाका मारत होतं.

"म्हणून ही शोधतोय," मास्तर म्हणाले. "इथे सापडली नाही, तर ती बाहेर गेली. बाहेर गेली असेल तर त्या मशीनमध्ये असूही शकते, आणि मी मशीन काढलं ते बरोबरच केलं. पण मग ती आजही कुणाच्या तरी खाटेशेजारी आहे, हेही आलंच. रोज सकाळी वाटतं, सापडू दे बाबा, लोकांच्या जिवावरचं टळू दे. आणि संध्याकाळ झाली की वाटतं, नको सापडू."

"आणि सापडली तर?" तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही नीट.

"तर काय. मशीन चांगलं होतं, आणि मी झोपलो."

वाक्य तिच्या जिभेवरून मागे गेलं. सकाळी घरून निघताना तिला एवढंच वाटत होतं की आपण मास्तरांचे डोळे त्यांना परत द्यायला चाललोय. चुकलात तुम्ही नाही, मी, एवढं सांगायचं, ते रागावतील, कदाचित रडतील, आणि संपेल. त्या सातांमागे एक बाई खाटेवर पडलेली असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आता गप्प बसावं, फळांची पिशवी ठेवून उठावं, हेच शहाणपण. बरणीत मूठभर गोट्या उरल्या आहेत, त्या संपतील, नकटी सापडणार नाही, आणि म्हातारा माणूस निदान बायकोपुरता तरी सुटेल. तिने उठायची तयारी केली. पण उठवेना, कारण अकरा वर्षं तिने प्रत्येक वेळी हेच केलं होतं. दर वेळी गप्प बसण्यात कुणाचं तरी भलं तिला दिसलं होतं.

"तुला एक सांगू?" मास्तर म्हणाले. "त्या दिवशी डबीत सात होत्या ना, मला क्षणभर वाटलं होतं, मी सातच पाहिल्या, आठवी नव्हतीच. तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, पोर नवी आहे, खरं बोलायला घाबरली असेल, तरी बोलली. माझं नाव राखायला तिला सात म्हणता आलं असतं. त्या खोलीत त्या दिवशी खरं बोलणारी तू एकटी होतीस."

त्यांनी वाडगा चाचपला. संपला होता. बरणी उपडी करून उरलेल्या गोट्या त्यांनी वाडग्यात ओतल्या आणि रिकामी बरणी खाली ठेवायला वाकले.

तिने चेन उघडली. रुमाल सोडला. गोटी मुठीत घेतली आणि घट्ट आवळली, नखं तळहातात रुतेपर्यंत. तोंडाने सांगणं तिला जमत नव्हतं, आणि न सांगणंही आता जमत नव्हतं. हाताला मात्र एक काम येत होतं, इतक्या वर्षांचं, पाठ वळलेली असताना करायचं. मास्तर बरणी भिंतीशी सरळ लावत होते, ओळ चुकू नये म्हणून शेजारचीला हात लावून बघत होते. तिने मूठ वाडग्यावर नेली आणि उघडली. गोटी इतर गोट्यांवर पडली, काचेवर काच, जरासा आवाज झाला. तिला वाटलं, आता त्यांना सापडेल, लॉटमध्येच होती असं त्यांना वाटेल, आणि पुढचं त्यांचं ते. यातही आपण निसटतोच आहोत, हे तिला तेव्हाच कळलं, पण गोटी हातातून गेली होती.

मास्तर सरळ बसले. वाडग्याकडे हात नेला, वरचीच गोटी चिमटीत आली.

ते थांबले.

गोटी त्यांनी फिरवली नाही. तशीच धरून ठेवली. मग अंगठ्यावर घेतली, मग गालाला लावून पाहिली. खालच्या हाका बंद झाल्या होत्या.

"मुठीत धरायची नसते," ते म्हणाले. "सांगितलं होतं तुला."

तिला रडू आलं नाही. मास्तरांनी गोटी पट्टीच्या वरच्या टोकाला ठेवली आणि सोडली. टिक, टिक, टिक, टिक. ती फडक्यावर पडली. त्यांनी ती शोधून पुन्हा वर ठेवली, पुन्हा सोडली. पुन्हा ऐकली. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. तपासणीच्या टेबलावर त्यांचा चेहरा असाच असे.

मग त्यांनी पलीकडचा वाडगा जवळ ओढला, पाळी संपल्यावर डबी ओढत तसा.

"त्या दिवशी किती टाकल्या होत्यास?"

"सात."

"वहीत आठ होत्या."

"हो. एक माझ्या बाहीत अडकली होती. तिसऱ्या दिवशी सापडली, कोट धुताना." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "तेव्हापासून माझ्याकडेच होती."

मास्तरांनी मान हलवली, हळूहळू, हिशेब जुळल्यासारखी. त्यांचा हात पट्टीवरून फिरत होता, धूळ पुसावी तसा, तिथे धूळ नव्हती. "म्हणजे डोळे बरोबर होते," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. पण ते टिकलं नाही. पुढची गोष्ट त्यांना कळेपर्यंतच टिकलं. हात पट्टीवर थांबला.

"आणि मशीनमध्ये?" त्यांनी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. मास्तर तिच्याकडे तोंड करून तसेच बसून राहिले, उत्तराची वाट बघत. मग तिच्या ध्यानात आलं की मान हलवलेली त्यांना दिसलेली नाही. हे तिला तोंडानेच सांगावं लागणार होतं.